सडक्या अंड्याचा वास कशामुळे येतो हे शोधणारा शेले: ऑक्सिजन आधी सापडला, पण श्रेय दुसऱ्यालाच मिळालं

निफाड म्हटलं की काही गोष्टी लगेच आठवतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं जन्मगाव, हिवाळ्यात दरवर्षी बातमीत येणारा थंडीचा पारा आणि नजर जाईल तिथवर पसरलेल्या द्राक्षबागा. या बागांच्या शेडमध्ये आणखी एक वस्तू हमखास सापडते, ती म्हणजे पिवळा गंधक. भुरी रोग येऊ नये म्हणून द्राक्षबागायतदार तो वर्षानुवर्षं वापरत आले आहेत.

गंधकाला घाण वास येतो असा अनेकांचा समज असतो. खरं तर शुद्ध गंधकाला जवळजवळ वासच नसतो. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो गंधक आणि हायड्रोजन एकत्र येऊन बनलेल्या वायूचा. त्याचं नाव हायड्रोजन सल्फाइड.

हा वायू सेप्टिक टँकमध्ये असतो, गटारात असतो, कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर असतो. निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरसारख्या पाणथळ जागी तळाचा काळा गाळ ढवळला तरी त्याचा वास येतो. माणूस हजारो वर्षं हा वास घेत होता. पण तो कशाचा आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

ते शोधलं स्वीडनमधल्या एका छोट्या गावात औषधाचं दुकान चालवणाऱ्या माणसाने. त्याचं नाव कार्ल विल्हेल्म शेले.

चौदाव्या वर्षी औषधाच्या दुकानात

शेलेचा जन्म ९ डिसेंबर १७४२ चा. म्हणजे न्यायमूर्ती रानडे यांच्या जन्माच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचा. गाव श्ट्रालझुंड. आज ते जर्मनीत आहे, तेव्हा स्वीडनच्या ताब्यात होतं. वडील व्यापारी होते आणि घरात अकरा भावंडं. शेले त्यातला सातवा.

त्याचं कॉलेजशिक्षण झालंच नाही. चौदाव्या वर्षी त्याला गोथेनबर्ग शहरात बाउख नावाच्या औषधविक्रेत्याकडे शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवलं. त्या काळातलं औषधाचं दुकान आजच्या मेडिकलसारखं नव्हतं. औषधं तिथेच बनायची. भट्ट्या, काचेची भांडी, आम्लं, क्षार, धातूंची भस्मं असं सगळं सामान हाताशी असायचं. दुकान म्हणजे एक छोटी प्रयोगशाळाच होती.

दिवसा काम आणि रात्री प्रयोग, असा त्याचा दिनक्रम सुरू झाला. मालकाकडे रसायनशास्त्राची जुनी पुस्तकं होती. ती त्याने वाचून काढली आणि त्यातले प्रयोग स्वतः करून बघितले. पुस्तकात लिहिलंय म्हणून खरं मानायचं नाही, ही सवय त्याला तिथेच लागली.

१७६५ मध्ये बाउखने दुकान विकलं. शेले माल्मो शहरात गेला, पुढे राजधानी स्टॉकहोमला आणि १७७० मध्ये विद्यापीठाच्या उप्साला गावात. प्रत्येक ठिकाणी तो नोकरच होता. पगार बेताचा, हुद्दा शिकाऊ औषधविक्रेत्याचा.

द्राक्षाचा आंबटपणा बाटलीत

शेलेच्या पहिल्या मोठ्या कामाचा निफाडच्या मुख्य पिकाशी थेट संबंध आहे.

द्राक्षाची वाइन पिंपात मुरत ठेवली की पिंपाच्या आतल्या बाजूला एक कडक थर जमतो. औषधविक्रेते तो विकत घ्यायचे. शेलेने या थरापासून बनवलेल्या क्षारावर आधी खडू आणि मग गंधकाचं आम्ल वापरलं. हाती आले आंबट चवीचे स्वच्छ स्फटिक. हेच टार्टारिक आम्ल. द्राक्षाला जो आंबटपणा असतो तो मुख्यतः याच आम्लामुळे. त्याचा मित्र रेट्झियस याने हे काम १७७० मध्ये प्रसिद्ध केलं.

आज निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क आहे. तिथे किंवा नाशिकच्या कुठल्याही वायनरीत द्राक्षाचा रस तपासताना टार्टारिक आम्लाचा हिशोब करावाच लागतो.

पुढच्या वर्षांत शेलेने अशाच पद्धतीने आम्लांची रांगच लावली. लिंबातलं सायट्रिक, आंबट दुधातलं लॅक्टिक, सफरचंदातलं मॅलिक, मुतखड्यातलं युरिक. रोजच्या खाण्यापिण्यातल्या आम्लांची ओळख करून देण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

ऑक्सिजन आधी सापडला, पण पुस्तक अडकलं

उप्सालाला शेलेची ओळख टॉर्बेर्न बर्गमन या प्राध्यापकांशी झाली. सोरा तापवला की त्यात काहीतरी बदल होतो आणि मग त्यावर आम्ल टाकलं की तांबड्या वाफा निघतात, हे कोडं बर्गमन आणि त्यांचा विद्यार्थी गान यांना सुटत नव्हतं. दुकानातल्या या नोकराने ते सुटसुटीत समजावून सांगितलं. तिथून मैत्री जमली ती कायमची.

याच काळात, १७७१-७२ च्या सुमारास, शेलेने वेगवेगळे पदार्थ तापवून एक वायू मिळवला. त्यात मेणबत्ती झगझगीत पेटायची. त्याने त्याला अग्नीची हवा असं नाव दिलं. हाच ऑक्सिजन.

इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली यांना तोच वायू १ ऑगस्ट १७७४ ला मिळाला, म्हणजे शेलेच्या नंतर. पण प्रिस्टलींनी काम लगेच छापलं. शेलेचं हवा आणि अग्नीवरचं पुस्तक १७७५ च्या शेवटी छपाईला गेलं होतं. छापखान्याची दिरंगाई झाली, बर्गमन यांची प्रस्तावना वेळेत आली नाही. पुस्तक बाहेर पडलं १७७७ मध्ये. तोवर जगाच्या दृष्टीने ऑक्सिजन प्रिस्टलींचा झाला होता.

यात आणखी एक वळण आहे. ३० सप्टेंबर १७७४ ला शेलेने पॅरिसच्या अँटोनी लव्हाझिए यांना पत्र लिहून हा वायू कसा बनवायचा ते सांगितलं होतं. लव्हाझिए यांनी त्याचा कधीच उल्लेख केला नाही. शंभराहून जास्त वर्षांनी ते पत्र उजेडात आलं, तेव्हा श्रेयाच्या वाटण्या कधीच झालेल्या होत्या.

शेलेने मात्र यावरून मोठा वाद घातल्याची नोंद नाही. तो पुढच्या प्रयोगाला लागला.

दुर्गंधी हवेचं कोडं

उशिरा आलेल्या त्याच १७७७ च्या पुस्तकात आणखी एका वायूची माहिती होती. आज त्याला हायड्रोजन सल्फाइड म्हणतात.

हा वायू लोकांना त्रास देतो, हे आधीपासून ठाऊक होतं. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० च्या सुमारास संडासाचे खड्डे उपसणाऱ्या कामगारांचं निरीक्षण केलं होतं. त्यांचे डोळे सुजायचे, लाल व्हायचे, काहींची दृष्टी जायची. विशेष म्हणजे त्यांच्या खिशातली तांब्याची आणि चांदीची नाणी काळी पडायची. खड्ड्यातून काहीतरी आम्लासारखी वाफ येत असावी, इतकाच अंदाज रामाझिनींना बांधता आला.

शेलेने हा वायू मुद्दाम बनवला. लोखंड आणि गंधक एकत्र तापवलं की काळपट पदार्थ तयार होतो, तो म्हणजे लोहाचं सल्फाइड. त्यावर आम्ल टाकलं की बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. त्याने दुसरा रस्ताही वापरून बघितला. ज्वलनशील हवेत, म्हणजे आजच्या भाषेत हायड्रोजनमध्ये, गंधक तापवला. तरी तोच वायू मिळाला.

वायू साठवायला त्याच्याकडे महागडी उपकरणं नव्हती. जनावराचं मूत्राशय भांड्याच्या तोंडाला बांधायचं आणि त्यात वायू भरून घ्यायचा, ही त्याची पद्धत.

घाण वास सडण्यातून आपोआप उपजत नाही, तर गंधकाच्या एका ठरावीक संयुगाचा असतो, हे या प्रयोगांमुळे स्पष्ट झालं. शेलेचं स्पष्टीकरण मात्र त्या काळच्या जुन्या समजुतीत अडकलेलं होतं. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचं तत्त्व असतं असं तेव्हा मानायचे आणि शेलेही ते मानत होता. पुढे फ्रान्सच्या बर्थोले यांनी या वायूत फक्त गंधक आणि हायड्रोजन असल्याचं दाखवलं. त्यात ऑक्सिजन नाही, तरी तो आम्लासारखा वागतो, हेही त्यांनी सांगितलं. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच हे लव्हाझिए यांचं मत होतं. त्याला धक्का देणाऱ्या पदार्थांमध्ये हा वासाचा वायूही होता.

हा वायू वागतो कसा?

हायड्रोजनचे दोन अणू आणि गंधकाचा एक अणू, इतकी साधी त्याची रचना. पाण्याचीही रचना तशीच, फक्त गंधकाच्या जागी ऑक्सिजन. पण दोघांच्या वागण्यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, म्हणून पाणी १०० अंशांना उकळतं. हायड्रोजन सल्फाइडच्या रेणूंची एकमेकांवरची पकड सैल असते. तो उणे ६० अंशांनाच उकळतो. निफाडच्या कितीही कडाक्याच्या थंडीत तो वायूच राहणार.

त्याला रंग नाही, त्यामुळे तो दिसत नाही. तो हवेपेक्षा थोडा जड आहे. हवा २९ मानली तर तो ३४. म्हणून वारा नसलेल्या ठिकाणी तो खाली, खोलगट जागेत साचून राहतो.

तो पेटतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ४ ते ४६ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एक ठिणगी स्फोटाला पुरते. निळसर ज्योतीने जळून सल्फर डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. हवा कमी पडली तर पिवळा गंधक मागे उरतो.

तो पाण्यात विरघळतो. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात अडीच लिटरच्या आसपास वायू मावतो आणि ते पाणी सौम्य आम्ल बनतं. साचलेलं पाणी किंवा गाळ ढवळला की हाच विरघळलेला वायू एकदम बाहेर येतो.

त्याचा सगळ्यात उपयोगी गुण म्हणजे धातूंशी असलेलं नातं. चांदीचे पैंजण काळे पडतात ते चांदीचं सल्फाइड तयार झाल्यामुळे. जास्त वेळ उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट कडं येतं, तेही यामुळेच. पांढऱ्या भागातून हा वायू निघतो आणि बलकातल्या लोहाशी जुळतो.

शिशाच्या क्षारात भिजवलेला कागद या वायूत धरला की काळा पडतो. ज्यांनी कॉलेजात क्षार ओळखायचे प्रॅक्टिकल केलंय, त्यांना किपचं उपकरण आठवत असेल. द्रावणात हा वायू सोडला की कॅडमियम पिवळा साका देतो, अँटिमनी नारिंगी, तांबं आणि शिसं काळा. वासामुळे मुलं वैतागायची, पण कुठला धातू आहे ते कळायचं.

वास येईनासा झाला, तर धोका टळला असं नाही

या वायूबद्दल प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे.

हवेच्या दहा लाख भागांत याचा एक भागही नसला तरी नाकाला वास कळतो. इतकं आपलं नाक याबाबत तिखट आहे. पण प्रमाण शंभराच्या पुढे गेलं की काही मिनिटांत वासाची जाणीवच बंद पडते. माणसाला वाटतं वास गेला. वायू मात्र तिथेच असतो.

प्रमाण पाचशेच्या पुढे गेलं की शुद्ध हरपते. हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. शरीरातल्या पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवतात, त्या कामासाठी लागणारं एक महत्त्वाचं विकर हा वायू बंद पाडतो. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही.

सेप्टिक टँक किंवा मॅनहोलमधल्या मृत्यूंच्या बातम्या याच कारणाने येतात. एक जण आत उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वायू जड असल्यामुळे तळाशी साचलेला असतो, गाळ ढवळल्यावर आणखी सुटतो आणि वासावरून अंदाज येत नाही. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसं उतरवली जातात.

कुणी आत पडलं तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. अग्निशमन दलाला बोलवायचं. श्वसनाचं साधन लावलेल्या माणसानेच आत जायचं. रामाझिनींनी ज्यांचे सुजलेले डोळे पाहिले त्या कामगारांपासून आजच्या सफाई कामगारापर्यंत या वायूचा त्रास त्याच वर्गाच्या वाट्याला आला आहे.

चव घेऊन बघायची सवय

शेलेला हे काहीच माहीत नव्हतं. नवीन पदार्थ हाती आला की त्याचा रंग बघायचा, वास घ्यायचा आणि चव बघायची, ही त्या काळची रीत होती. शेले तर यात जास्तच पुढे होता.

१७८२-८३ मध्ये त्याने प्रशियन ब्लू नावाच्या निळ्या रंगापासून हायड्रोजन सायनाइड वेगळं केलं. जगातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. शेलेने त्याच्या वासाचं आणि चवीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यातून तो वाचला कसा याचंच आश्चर्य वाटतं. सायनाइड आणि हायड्रोजन सल्फाइड ही दोन्ही विषं पेशीतल्या एकाच विकरावर घाव घालतात. दोन्हींचं रसायन उलगडणारा माणूसही एकच निघाला.

त्याने १७७४ मध्ये क्लोरीन मिळवला, तोही विषारी. आर्सेनिकवर काम केलं आणि त्यापासून एक हिरवा रंग बनवला. तो शेले हिरवा या नावाने युरोपभर भिंतींच्या कागदांवर आणि कपड्यांवर चढला. त्यात विष आहे याची धास्ती लोकांना पुढच्या शतकात बसली. मॉलिब्डेनम आणि टंगस्टन या धातूंचा मागही त्यानेच काढून दिला. टंगस्टनच्या एका खनिजाला आज शीलाइट म्हणतात, ते त्याच्याच नावावरून.

छोट्या गावातलं मोठं नाव

४ फेब्रुवारी १७७५ ला स्वीडनच्या रॉयल अकादमीने शेलेला सभासद करून घेतलं. तेव्हा तो अजून परीक्षाही न दिलेला शिकाऊ औषधविक्रेता होता. असा मान एरवी प्राध्यापकांना आणि सरदारांना मिळायचा.

त्याच वर्षी तो केपिंग या छोट्या गावात आला. तिथल्या दुकानाचे मालक पोल वारले होते आणि त्यांची विधवा पत्नी सारा मार्गारेटा हिच्या डोक्यावर दुकानाचा भार होता. शेलेने ते चालवायला घेतलं आणि पुढे विकत घेतलं. बर्लिनहून त्याला चांगल्या पदासाठी बोलावणं आलं. तो गेला नाही. थंडगार, साध्या जागेत त्याचे प्रयोग सुरू राहिले.

वयाच्या चाळिशीनंतर शरीराने साथ सोडली. सांधे दुखायचे, मूत्रपिंडाचा आजार जडला, त्वचेचा त्रास सुरू झाला. आर्सेनिक, पारा, शिसं यांच्या वाफा वर्षानुवर्षं श्वासात आणि चवीत गेल्या होत्या. त्याचा हा परिणाम असावा असं आज अनेक अभ्यासक मानतात.

मृत्यू जवळ आल्याचं त्याला कळलं होतं. अगदी शेवटच्या दिवसांत त्याने अंथरुणावरच सारा मार्गारेटाशी लग्न केलं. दुकान आणि मालमत्ता कायद्याने तिच्याकडे जावी आणि ती पुन्हा उघड्यावर पडू नये, हा त्यामागचा विचार होता. २१ मे १७८६ ला शेले गेला. वय फक्त ४३.

शेलेचा वायू आणि निफाडचा गंधक

आज जगात वापरला जाणारा बहुतेक गंधक खाणीतून येत नाही. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना त्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर काढतात. त्याचा काही भाग जाळून सल्फर डायऑक्साइड बनवतात. उरलेल्या वायूशी त्याची क्रिया झाली की पाणी आणि पिवळा गंधक मिळतो. १८८३ मध्ये क्लाउस या रसायनतज्ज्ञाने शोधलेल्या प्रक्रियेवर हे सगळं उभं आहे.

म्हणजे द्राक्षावर पडणारा गंधक बऱ्याचदा मुळात याच घाण वासाच्या वायूतून आलेला असतो.

पुढे तोच गंधक द्राक्षाच्या सालीवर जास्त उरला आणि घड वायनरीत गेले, तर आंबवण्याच्या टाकीत यीस्ट त्यातून पुन्हा हायड्रोजन सल्फाइड बनवू शकतं. रसात नायट्रोजन कमी पडला तरी हे होतं. मग वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो. म्हणून वाइनच्या बागेत काढणीआधी काही आठवडे गंधक थांबवतात. तरी वास आलाच तर अगदी मोजून तांब्याचा क्षार वापरतात. तांबं वायूला पकडतं, तांब्याचं सल्फाइड बनून खाली बसतं आणि ते गाळून टाकतात. रामाझिनींच्या काळात खिशातली तांब्याची नाणी काळी पडायची, तीच ही क्रिया.

नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. त्याला हा दर्जा मिळाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. अशा पाणथळ जागी गाळात खोलवर ऑक्सिजन पोचत नाही. तिथले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो लोहाशी जुळतो म्हणून गाळ काळा दिसतो.

तळ्याकाठी, वायनरीत किंवा मॅनहोलच्या तोंडाशी वायू एकच असतो. मोकळ्या हवेत त्याने फक्त नाक मुरडावं लागतं. बंद टाकीत मात्र तो जीव घेतो. शेलेकडे हा धोका ओळखायचं साधन नव्हतं. आज वायू मोजणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं. टाकीचं झाकण उघडल्यावर कुणालाही आत पाठवायच्या आधी ते दोरीने खाली सोडायचं आणि आकडा बघायचा.